अंबर खनिज की झाडाची राळ?

तापीकाठचा: काल एका ग्रुपवर वाचलं: 'अंबर जमिनीतून निघतं, दगडासारखं असतं, म्हणजे खनिजच.' खाली ढीगभर लाइक. राहवलं नाही म्हणून लिहितो. सातपुड्यात सालईला घाव घातला की जी राळ ओघळते ना, अंबर त्याच जातीचं, फक्त कोट्यवधी वर्षं गाडलं गेलेलं. झाडापासून आलेलं ते खनिज नव्हे. विषय संपला.

मास्तर_यावल: संपला कसा? मेलाइट सेंद्रियच आहे, लिग्नाइटमध्ये, म्हणजे तपकिरी कोळशात सापडतो, तरी मान्य खनिज आहे. ओपल या रत्नाला स्फटिकरचना नाही, तरी खनिजांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. पारा तर द्रव! कारण चुकीचं देऊन उत्तर बरोबर आणायचं, ही सवय मी तीस वर्षं वर्गात खोडत आलोय.

तापीकाठचा: मेलाइटला स्फटिक आहेत, ठरलेलं सूत्र आहे. अंबरला दोन्ही नाही, ठिकाणागणिक त्याची घडण बदलते. बाल्टिक अंबरात ३ ते ८ टक्के सक्सिनिक आम्ल. आपल्या नवापूरपलीकडे, सुरत जिल्ह्यातल्या वस्तान खाणीतलं सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचं अंबर वेगळ्याच कुळातल्या झाडांचं, त्याची घडणही निराळी. ओपल जुन्या मानाने यादीत राहिलाय.

केळीवाला_रावेर: तुमच्या याद्या ठेवा बाजूला. आईला एका दुकानात 'अस्सल अंबर' म्हणून मणी विकला. पेलाभर पाण्यात सात चमचे मीठ विरघळवून टाकला, तरंगला. आम्ही खूश! मग नेलपॉलिश काढायचं पाणी लावलं तर बोटाला चिकटला. कोपल निघाला, कच्ची राळ. मिठाच्या पाण्याने काच पकडता येते, कोपल नाही.

सावद्याचा_पोर: राळेवर भांडून राहिले तुम्ही, आणि खरी खनिजं पायाखालून गेली त्याचं काय? वडिलांनी विहीर खोदली तेव्हा काळ्या खडकाच्या पोकळीत अपोफिलाइट निघाला, काचेसारखे चौकोनी स्फटिक. व्यापाऱ्याने टोपली पन्नास रुपयांत नेली. तोच माल परदेशात 'जळगाव' नावाने विकला जातो. आम्हाला कोणी सांगितलं का, हे काय आहे?

तापीकाठचा: भाऊ, धागा अंबरचा आहे.

सावद्याचा_पोर: मग अंबरचाच ठेवा! आमच्या विहिरीचं कधी कोण बोलणार?

केळीवाला_रावेर: बरोबर बोलला तो. आमच्याकडेही सुरुंगाने फोडून बांधावर फेकले होते. त्याचं आता वाईट वाटतं.

मास्तर_यावल: मीही शाळेत कधी दाखवले नाहीत, ही चूक माझी. आणि तापीकाठकर, ओपलचा दाखला मागे घेतो. अंबर खनिज नाही, खनिजसदृश म्हणा. पण 'झाडाचं म्हणून नाही' हे वाक्य आधी खोडा.

तापीकाठचा: खोडलं. रचना नाही, सूत्र नाही, म्हणून नाही. सावदेकर, एखादा स्फटिक उरलाय का?

सावद्याचा_पोर: एक आहे. आईच्या देवघरात.

मास्तर_यावल: फोटो टाका. ॲसिडने धुऊ नका, खराब होईल.