शेतीचे गेम, कथेचे गेम आणि मधेच जाणारी वीज: अलीकडे तुम्ही काय खेळलात?

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. सोयाबीनची सोंगणी आटोपल्यावर कापसाच्या वेचणीला जोर येईपर्यंत जी थोडी सवड मिळते, तिच्यात यंदा मी बरेच गेम खेळलो आणि त्यांतले दोन तर शेतीचेच होते. माझी मते वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की घरचा लॅपटॉप जुना आहे, त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, आणि बॅटरी बाद झाल्यामुळे वीज गेली की तो त्याच क्षणी बंद पडतो.

सर्वांत जास्त वेळ स्टारड्यू व्हॅलीवर गेला. एरिक बॅरोन या एकाच माणसाने चित्रे, संगीत, संवाद आणि प्रोग्रामिंग असे सगळे स्वतः करून हा गेम २०१६ साली आणला, हे खेळताना खरे वाटत नाही. शहरातल्या नोकरीला विटलेला एक तरुण आजोबांच्या पडीक वावरात येऊन शेती करू लागतो, एवढेच त्याचे कथानक आहे. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असतो आणि ऋतू पालटला की जुने पीक एका रात्रीत वाळून जाते, म्हणून उरलेले दिवस मोजूनच पेरावे लागते. सुरुवातीचे पार्सनिप नावाचे कंद चार दिवसांत निघतात. बी वीस नाण्यांना आणि माल पस्तीस नाण्यांना. या हिशेबात मी पार रमून गेलो.

मात्र कास्तकाराच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते, ती म्हणजे तिथे बाजारभावाची चिंताच नाही. घराजवळच्या पेटीत माल टाकून झोपावे आणि सकाळी ठरलेल्या भावाने पैसे जमा झालेले पाहावेत. दहा नग टाका नाहीतर हजार टाका, भाव पडत नाही. हमाली नाही, तोलाई नाही, ओलावा जास्त असल्याचे सांगून होणारी कपात नाही. दूरचित्रवाणीवरचा उद्याच्या पावसाचा अंदाज कधी चुकत नाही, बुजगावणे रोवले की त्याच्या टापूत कावळा उतरत नाही, आणि रोही (नीलगाय) व रानडुकरे तर त्या खोऱ्यात जन्मालाच आलेली नाहीत. हे दोष म्हणून सांगत नाही. घाम गाळला की चार पैसे हाती पडतीलच, ही हमी खऱ्या वावरात नसल्यामुळेच तो गेम मला इतका गोड लागला असावा. माझी खरी तक्रार निराळी आहे: लॅपटॉपवर खेळताना नायक झोपला तरच दिवसाची नोंद (सेव्ह) होते, त्यामुळे संध्याकाळी वीज गेली की गेममधला तो सबंध दिवस पाण्यात जातो.

दुसरा गेम म्हणजे जायंट्स सॉफ्टवेअर या स्विस कंपनीचा फार्मिंग सिम्युलेटर २०, जो मी फोनवर खेळलो. त्यात कापूस आहे हे कळल्यावर राहवले नाही. तिथला कापूस एकाच दिवशी सगळाच्या सगळा फुटतो, घराएवढे यंत्र त्यावरून एकदा फिरते आणि मागून बांधलेली गाठ बाहेर पडते. आपल्याकडे एकाच झाडावर उमललेले बोंड, हिरवे बोंड आणि फूल एकत्र असते, म्हणून वेचणी तीन-चार वेळा करावी लागते. कंबरेला ओटी बांधलेल्या बाया वाळक्या पाकळ्यांची टोके बोटांना टोचत असताना पाचही कप्प्यांतला कापूस एका झटक्यात कसा काढतात, हे त्या यंत्राच्या चालकाला कधी कळणार नाही. गेम म्हणून तो मला कोरडा वाटला. माल विका, यंत्र घ्या, पुन्हा माल विका आणि मोठे यंत्र घ्या, यापलीकडे त्यात फारसे काही नाही. गावात बोलायला माणूससुद्धा नाही.

दिवाळीत नागपूरला चुलतभावाकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा २०२० सालचा गेमही पाहिला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली डोंबारी खेळ करणारी मुलगी, तिला त्रिशूळ देणारी दुर्गा, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा आणि राजस्थानी धाटणीचे किल्ले, हे सगळे देखणे आहे. मारामारी मात्र पुढे पुढे तीच ती होते आणि शेवट एकदम तुटल्यासारखा येतो.

आता मला असा गेम हवा आहे, ज्याला सतत इंटरनेट लागत नाही, जो जुन्या यंत्रावर चालतो, वीज गेली तरी फार नुकसान करत नाही आणि ज्याची कथा मनात राहते. आपण अलीकडे काय खेळलात आणि ते कसे वाटले, हे कृपया सविस्तर लिहावे.

बांधीवाला (भंडारा जिल्हा)

पऱ्हाटी भाऊ, फार्मिंग सिम्युलेटरबद्दल आपण फोनवरच्या आवृत्तीवरून मत बनवले आहे, आणि तिथे ते बरोबरच आहे. माझ्या भाच्याकडे चांगला संगणक असल्यामुळे मी नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला फार्मिंग सिम्युलेटर २५ खेळलो, आणि तो घेण्याचे माझ्यासाठी एकच कारण होते, ते म्हणजे या मालिकेत प्रथमच आलेला धान. पूर्व आशियाच्या धर्तीवरचा एक नकाशा त्यात आहे, म्हशी आहेत, आणि धानासाठी पाण्याने भरायच्या बांध्याही आहेत.

बांधीतली पाण्याची पातळी त्यात खरोखर सांभाळावी लागते आणि पऱ्हे (धानाची रोपे) यंत्राने ओळीत रोवले जातात; ते बघताना मला मनापासून आनंद झाला. वेगळ्या जातीचा लांब दाण्याचा धान कोरड्या जमिनीत पेरताही येतो, म्हणजे रोवणी आणि पेरीव हा आपल्याकडचा भेदही करणाऱ्यांच्या ध्यानात आला आहे. पण पऱ्हे तिथे दुकानात तयार मिळतात. पाऊस लांबला म्हणजे पऱ्हे वयाचे होतात, रोवणीला माणसे मिळेनाशी होतात, आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाचे पाणी आधी कोणाच्या बांधीत सोडायचे यावरून सख्ख्या भावांत अबोला होतो, यांतले काहीच तिथे घडत नाही. पाणी हवे तर कळ दाबायची.

एक गोष्ट मात्र आपण कोरडेपणाबद्दल जे म्हणालात त्याच्या विरोधात सांगतो. या आवृत्तीत गारपीट आणि टोर्नेडो (भोवऱ्यासारखे वादळ) येऊन उभे पीक झोपवू शकतात, आणि एकाच केंद्रावर जास्त माल ओतला की तिथला भाव उतरतो, म्हणून कुठे आणि कधी विकायचे याचा विचार करावा लागतो. गारपिटीचे नुकसान नको असेल तर ते सेटिंगमधून बंद करता येते. भाच्याने ते बंद केले तेव्हा मी त्याला काही बोललो नाही, पण हेवा जरूर वाटला. आपल्या लॅपटॉपवर हा गेम चालणार नाही, त्यामुळे त्यासाठी खर्च करू नये.

सातपुड्याचा पायथा (बुलढाणा जिल्हा)

मी शाळेत शिकवते आणि गेमच्या बाबतीत घरातल्या मुलांच्या मागोमाग इकडे आले आहे, तेव्हा वेगवान गेमविषयी मला विचारू नये. आपल्या चारही अटींत बसणारे दोन गेम मात्र सांगू शकते.

पहिला व्हेन्बा, २०२३ सालचा. तमिळनाडूतून कॅनडात गेलेल्या एका जोडप्याची आणि त्यांच्या कविन या मुलाची ही गोष्ट आहे आणि ती स्वयंपाकातून सांगितली जाते. आईची पाककृतींची वही फाटलेली व डागाळलेली आहे, त्यामुळे पुसलेली पायरी आपण तर्काने भरायची: इडलीपात्रातील ताटल्या कशा रचल्या म्हणजे वाफ वरपर्यंत पोहोचेल, हे पहिलेच कोडे आहे आणि रोज इडली करणारी बाई ते बघताक्षणी सोडवते. मुलगा मोठा होताना घरच्या डब्याची लाज बाळगू लागतो आणि आई ताट वाढून वाट पाहत राहते, तो भाग मला सलग खेळवला नाही. आमच्या गल्लीतली निम्मी मुले पुण्यात नोकरीला आहेत, म्हणूनही तसे झाले असेल. गेम एका बैठकीत संपतो, आणि पैशांच्या मानाने तो लहान आहे असे कोणी म्हटले तर ते मला मान्य आहे.

दुसरा पेपर्स, प्लीज, लुकास पोप यांचा, २०१३ सालचा. आर्स्टोट्झ्का या काल्पनिक देशाच्या सीमेवर तुम्ही कागद तपासणारे कारकून असता, वर्ष असते १९८२, आणि जितकी माणसे तपासाल तितकाच पगार मिळतो. दररोज नवा नियम येतो. नावातले एक अक्षर, शिक्क्याचा आकार, फोटोतला चेहरा, मुदतीची तारीख, हे सगळे घड्याळ चालू असताना पडताळायचे. पहिल्या दोन चुका ताकीद देऊन सोडल्या जातात आणि तिसरीपासून पगार कापला जातो. संध्याकाळी घरभाडे, अन्न आणि शेकोटी यांचा हिशेब समोर येतो, त्यात मुलाला औषध हवे असते, आणि दुसऱ्या दिवशी एक बाई अपुरे कागद घेऊन तुमच्या खिडकीशी उभी राहते, जिचा नवरा नुकताच पलीकडे गेलेला असतो. फेरफाराच्या नोंदीसाठी एका कार्यालयाच्या खिडकीबाहेर मी स्वतः पुष्कळदा उभी राहिले आहे. आत बसलेल्या माणसाचा राग मला अजूनही येतो, पण त्याच्या टेबलावर काय चालत असेल याची कल्पना या गेममुळे प्रथमच आली. दिवस संपला की नोंद होते, आणि २०२२ पासून तो फोनवरही मिळत असल्यामुळे विजेचा प्रश्नच उरत नाही.

रातकिडा (चंद्रपूर जिल्हा)

दिवसभर वावरात राबून आल्यावर रात्री पुन्हा गेममध्ये वावर नांगरायचे, हे मला समजत नाही, पण ज्याची त्याची आवड.

आमच्या टोळीचा मुख्य गेम अजूनही बीजीएमआय, म्हणजे पब्जी या गोळीबाराच्या ऑनलाइन गेमची भारतासाठीची आवृत्ती, आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. या प्रत्येक वळणावर आमच्यातला एखादा गडी कमी होत गेला. नकाशा पाठ झाला आहे, त्यामुळे गेमपेक्षा आता चार गावांतल्या चार मित्रांच्या गप्पांसाठीच तो चालू राहतो. शेवटच्या वर्तुळात दहा जण उरलेले असताना नेटवर्क गेले की समोरचा माणूस गोळी न लागता पुतळ्यासारखा उभा राहतो आणि चित्र पुन्हा हलू लागते तोवर आपणच पडलेले असतो. पऱ्हाटी भाऊंच्या अटींत तो बसत नाही.

बसेल तो हॉलो नाइट. ऑस्ट्रेलियातील अॅडिलेड शहरातल्या टीम चेरी या छोट्या चमूने २०१७ मध्ये केलेला हा गेम हाताने काढलेल्या चित्रांचा आहे आणि माझ्या साध्या लॅपटॉपवर तो न अडखळता चालतो. कीटकांचे एक उजाड राज्य जमिनीखाली पसरले आहे आणि कुठे जायचे हे कोणी सांगत नाही. नकाशासुद्धा विकत घ्यावा लागतो, तोही तो काढणारा कॉर्निफर सापडला तर. जमिनीवर विखुरलेले कागदाचे कपटे दिसू लागले आणि दुरून गुणगुणणे ऐकू आले म्हणजे तो जवळच आहे असे समजावे. मेलो तर जमवलेले पैसे तिथेच राहतात आणि ते परत मिळवायला आपल्याच काळ्या सावलीशी लढावे लागते. अवघड आहे, पण अन्यायी नाही. मँटिस लॉर्ड्स या तीन प्रार्थनाकीटकांना हरवले की ते वाकून नमस्कार करतात आणि त्यानंतर त्यांच्या वस्तीतला एकही कीटक तुमच्यावर हात उचलत नाही. शत्रूने मान दिल्याचा असा आनंद मला दुसऱ्या कोणत्याही गेमने दिलेला नाही. ठिकठिकाणच्या बाकांवर बसले की नोंद होते, तेव्हा वीज गेलीच तर मागच्या बाकापासून उठायचे. याचा पुढचा भाग सिल्कसाँग ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला. तो याहून कठीण आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करू नये.

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितलेला कारकुनाचा गेम आधी फोनवर घेतो, कारण माणसे, कागद आणि घरखर्च यांची अशी सांगड मी कुठल्याच गेममध्ये पाहिलेली नाही. हॉलो नाइट त्यानंतर घेईन. बांधीवाला भाऊ, भाव उतरण्याची सोय मोठ्या आवृत्तीत आहे हे वाचून माझे मत थोडे बदलले, पण माणसांविना गाव ही तक्रार कायम आहे. एक शंका उरली: स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम इंटरनेट नसताना सुरू होतो का? आमच्याकडे पाऊस आला की दोन-दोन दिवस नेटवर्क नसते.

रातकिडा (चंद्रपूर जिल्हा)

होतो. तालुक्याच्या ठिकाणी चांगले नेटवर्क मिळेल तेव्हा गेम पूर्ण उतरवून घ्यावा, तिथेच तो एकदा सुरू करून पाहावा आणि मग स्टीमच्या मेनूतून ऑफलाइन मोड निवडावा. पहिल्यांदा सुरू करतानाच काही गेम आणखी फाइली मागतात, म्हणून ही पायरी घरी येईपर्यंत टाळू नये. हॉलो नाइट कीबोर्डवर खेळता येतो, पण बोटे फार अवघडतात. साधा तारेचा कंट्रोलर मिळाला तर तो आधी घ्यावा. आणि स्टारड्यू पुढे चालू ठेवायचा असेल तर त्याची फोनवरची आवृत्ती बघा, तिच्यात दिवसाच्या मधेही आपोआप नोंद होते.