‘कल्ल्यांभोवती हिरवे’ काका आणि पांढऱ्याफटक काकू

तापीकाठ :
इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे. बोट हलायला लागते आणि म्हातारे काका मळमळून ‘ग्रीन अराउंड द गिल्स’ होतात. संपादकांनी सुचवलं, ‘काका हिरवट दिसू लागले.’ हिरवट म्हातारा म्हणजे आपल्याकडे काय, ते सांगायला नको. भल्या माणसाची अब्रू जायची! पुढच्याच पानावर तार वाचून काकू ‘व्हाइट ॲज अ शीट’ होतात. तिथे ‘पांढरीफटक’ चालेल ना?

भुसावळवाला :
ताई, ते गिल्स माशाचे नव्हेत. जबड्याखालच्या मांसल भागालाही इंग्रजीत गिल्स म्हणत. आपल्याकडेही माशाचे कल्ले आणि कानापुढे राखलेले कल्ले, शब्द एकच. ‘कल्ल्यांपाशी हिरवे पडले’ असंच ठेवा.

शहाद्याची सिस्टर :
वाचक अडखळेल. ‘तोंड कसंनुसं झालं’ एवढं पुरे.

पण ‘पांढरीफटक’ला माझी हरकत आहे. माझी सगळी नोकरी सातपुड्याच्या पायथ्याला झाली. सिकलसेलचे, रक्त कमी असलेले पेशंट रोज समोर. सावळ्या चेहऱ्यावर पांढरेपणा सहजी दिसतच नाही. आम्ही खालची पापणी ओढून आतला रंग बघायचो, मग जीभ, नखं, तळहात. घरची माणसं ‘पोरगी पांढरी पडली’ असं म्हणत नसत. ‘सुकली’, ‘तोंड उतरलं’, ‘डोळे खोल गेले’ म्हणत. धक्का बसला की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, चेहऱ्यावरचं रक्त ओसरतं. हे गोऱ्याचं नि सावळ्याचं सारखंच. गोरा त्यात पांढरा दिसतो, आपण काळवंडतो.

साक्रीकर :
अगदी खरं, ताई. आमच्या अहिराणीत विचारतात, ‘काबर रे भो, तोंड कायं पडनं?’ ‘ळ’चा ‘य’ होतो, पण रंग काळाच. काकूंना काळीठिक्कर करा.

यावलचे नाना :
कथेतल्या काकू इंग्रज आहेत ना? मग त्यांना आपला रंग कशाला फासता? पांढरीफटकच ठेवा. ‘फटक’ हा ‘स्फटिक’चा अपभ्रंश, अस्सल शब्द आहे. फक्त ‘चेहऱ्याचा रंग उडाला’ लिहू नका, ती हिंदी आहे.

साक्रीकर :
नाना, मग पिवळाधम्मकमधला ‘धम्मक’ आणि काळाकुट्टमधला ‘कुट्ट’ कोणत्या संस्कृत शब्दाचे अपभ्रंश? जोर यावा म्हणून लावलेले नाद आहेत ते. आणि एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश, अशा खानदेशात भाषेला कुंपण कुठून घालणार? शिरपूरच्या बाजारात ‘रंग उडी गया’ रोज कानावर येतं.

यावलचे नाना :
बाजारात ऐकलेलं सगळंच पुस्तकात येऊ लागलं तर ‘चेहरा पडला’, ‘तोंडचं पाणी पळालं’, ‘प्रेतकळा आली’ हे कोण वापरणार? माझ्या नातवंडांना यातलं एकही येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

शहाद्याची सिस्टर :
प्रेतकळा मात्र काकूंना लावू नका. तो शब्द आम्ही वॉर्डात नातेवाइकांसमोर उच्चारत नसू.

तापीकाठ :
मग ‘काकूंची पाचावर धारण बसली’? रंगाचा प्रश्नच मिटेल.

भुसावळवाला :
त्यात भीती आहे, चेहरा नाही. धारण म्हणजे धान्याचा भाव. रुपयाला पाचच शेर मिळू लागले की दुष्काळ आलाच, म्हणून लोकांची गाळण उडायची.

यावलचे नाना :
मुळीच नाही. पाच म्हणजे पंचप्राण. भीतीने ते धरून ठेवावे लागतात.

साक्रीकर :
नाना, माझ्या आजोबांची अमळनेरला अडत होती. ते भावाला धारणच म्हणत. आणि प्राण धरायचे असतील तर वाक्प्रचारात ‘बसली’ कशाला आलं असतं? प्राण जातो, राहतो, कंठाशी येतो. बसतो तो भाव.