‘मूल्यमापनयोग्यता’ की ‘मूल्यमापनक्षमता’?

एखाद्या विकासप्रकल्पाचे मूल्यमापन मुळात करता येण्याजोगे आहे का, हे आधी पाहतात; या गुणाला, म्हणजे इंग्रजीतल्या ‘evaluability’ला, मराठीत काय म्हणावे? ‘मूल्यमापनक्षमता’ चटकन सुचतो, पण तो मला चुकीचा वाटतो. ‘कार्यक्षम’प्रमाणे ‘मूल्यमापनक्षम’ म्हणजे मूल्यमापन करू शकणारा; येथे मात्र प्रश्न मूल्यमापकाच्या कुवतीचा नसून प्रकल्पाच्या घडणीचा आहे. ‘मूल्यमापनीय’ व्याकरणाला धरून असले, तरी ‘अनीय’ प्रत्ययातून शक्यतेइतकेच औचित्यही सूचित होते. ‘वाचनीय’ पुस्तक वाचण्यासारखे असते. नुसते वाचता येणारे अक्षर ‘सुवाच्य’ असते. ‘सज्जता’ फार मोघम आहे. म्हणून मी ‘मूल्यमापनयोग्यता’ हा शब्द पसंत करतो. त्यातही औचित्याची छटा उरते, हे मान्य आहे.

ही कल्पना १९७०च्या दशकात वॉशिंग्टनच्या अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेत जोसेफ होली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. कार्यक्रमाची उद्दिष्टे धूसर असतील, किंवा धोरणकर्ते आणि व्यवस्थापक यांचे त्यांवर एकमत नसेल, तर मूल्यमापनातून कामी येणारे काही निघत नाही, असा त्यांचा अनुभव होता. पुढे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीने २००२च्या परिभाषासंग्रहात, एखाद्या उपक्रमाचे विश्वसनीय मूल्यमापन कितपत करता येईल, अशा अर्थाने ही संज्ञा नोंदवली.

‘कितपत’ या शब्दाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण योग्य की अयोग्य असा हा निवाडा नव्हे. ‘महिलांचे सक्षमीकरण’ हे उद्दिष्ट लिहिले, पण नेमके काय बदलेल आणि कोणत्या कृतीमुळे बदलेल हे लिहिले नाही, तर दोष आराखड्यात आहे; आराखडा चोख असून प्रकल्पापूर्वीची स्थिती नोंदवणारे पायाभूत सर्वेक्षणच झाले नसेल, तर उणीव माहितीची आहे; आणि दोन्ही असूनही निष्कर्ष हाती येण्याआधीच पुढील टप्प्याचा निर्णय होणार असेल, तर त्या निष्कर्षांचा उपयोग कोणाला, हा प्रश्न उरतो. हे तिन्ही दोष वर्षभराचे क्षेत्रकाम संपल्यावर कळणे मला अन्यायाचे वाटते, विशेषतः ज्यांनी वेळ काढून प्रश्नावल्यांना उत्तरे दिली त्यांच्यावर.

तरीही प्रत्येक लहान प्रकल्पाला अशी स्वतंत्र तपासणी हवीच असे नाही. आराखडा मंजूर करतानाच हे प्रश्न विचारले, तरी पुष्कळ भागते. मोठ्या, अनेक संस्थांच्या किंवा नव्या धाटणीच्या प्रकल्पांना मात्र ती हवी. तिला ‘मूल्यमापनपूर्व चाचपणी’ म्हणावे, आणि अहवालात ‘सध्या मूल्यमापनयोग्य नाही’ असे लिहिताना ‘सध्या’ गाळू नये, कारण तो गाळला की तेच वाक्य ‘प्रकल्प फसला’ असे वाचले जाते.