प्रतिसाद: हिवरे बाजार आणि पोपटराव पवार

वर एकांनी म्हटलंय की हिवरे बाजार हे गाव सरकारी निधीवर उभं राहिलं, तिथे सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांचं त्यात फारसं काही नाही. हे मला अजिबात पटत नाही. राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेचा पैसा आला, खरं आहे. पण पैसा तर कितीतरी गावांना मिळाला!

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला हा पट्टा पर्जन्यछायेतला, म्हणजे कमी पावसाचा. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा पवारांचा हा मुलगा, पोपटराव, १९८९ च्या सुमारास सरपंच झाला, तेव्हा लोक गाव सोडून चालले होते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान हे सगळं झालंच. पण मला सर्वांत मोठं वाटतं ते पाण्याचं अंदाजपत्रक. पाऊस मोजायचा, माणसांचं नि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलेल्यावर ग्रामसभेत रब्बीची पिकं ठरवायची. पाऊस कमी झाला की गव्हाला कात्री. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. शेतकऱ्याला तोंडावर ‘ऊस लावू नको’ सांगून पुन्हा त्याचंच मत मिळवणं सोपं आहे का?

पवारांची पद्मश्री २०२० ची. त्यानंतर २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत विरोधात पॅनेल उभं राहिलं, तरी सातही जागा पवारांच्याच पॅनेलला मिळाल्या.