संजीवन सभा, पत्रिका की घरसभा: खर्च कसा मोजायचा?

खजिनदार_रत्नागिरी
सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) साधारण ३५ कुटुंबं आहेत. यंदा सुवार्ताकार्यासाठी, म्हणजे येशूचा संदेश पोचवण्यासाठी, ६०,००० रुपये बाजूला ठेवलेत. पंचकमिटीत तीन मतं पडलीत: डिसेंबरात दोन दिवसांची संजीवन सभा (विश्वास जागवणारी मोठी जाहीर सभा), सुवार्तेच्या छोट्या पत्रिका छापून वाटप, नाहीतर वाड्यांवर कोणाच्या तरी घरी जमून बायबलचं वचन वाचायच्या घरसभा. दर माणशी खर्च काढला तर पत्रिका सगळ्यात स्वस्त दिसतात. हा हिशेब बरोबर आहे का? वेळ देणारे आठ जण आहेत, प्रत्येकी आठवड्याला दोन तास.

खाडीपलीकडचा
भागाकार कशाने करता, तिथेच घोळ होतो. पत्रिकेला वाटलेल्या प्रती मोजल्या जातात, सभेला खुर्च्या, घरसभेला मात्र नेमाने येणारी माणसं. तिन्हींना एकच माप लावा: सहा महिन्यांनी वचन वाचायला बसणारे किती?

रुपयांपेक्षा तास आधी मोजा. समजा सभेत ३० जणांनी पत्ते दिले. प्रत्येकाकडे चार भेटी, दर भेटीला दोघं, जाऊन-येऊन दीड तास. म्हणजे ३० × ४ × २ × १.५ = ३६० तास. तुमचे आठ जण आठवड्याला १६ तास देणार, म्हणजे साडेबावीस आठवडे. डिसेंबरची सभा मेपर्यंत पुरते, आणि तोवर आंब्याच्या पेट्या भरायची घाई सुरू झालेली असते. शेवटच्या दहा-बारा घरांत कोणीच पोचत नाही. बोलावलं आणि विचारलंही नाही, ही भावना गावात फार काळ राहते. त्यापेक्षा १२ घरं घ्या: १४४ तास, नऊ आठवड्यांत पुरी होतात.

बायबलमधल्या लूक १४:२८ मधला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. तो अंदाज पाया घालण्यापुरता नसतो, काम तडीस नेण्याचा असतो.

छापखानेवाला_चिपळूण
पत्रिकांबद्दल. ऑफसेटला प्लेट आणि मशीन लावायचा खर्च एकदाच, म्हणून २,००० प्रतींचं बिल १,००० च्या दुप्पट होत नाही. या मोहाने मंडळ्या जास्त छापतात, गठ्ठे वेस्ट्रीत (चर्चला लागून असलेल्या खोलीत) राहतात आणि जुलैत ओल धरून पानं चिकटतात. वर्षभरात हातोहात देता येतील तेवढ्याच छापा. दोन-तीनशेच लागणार असतील तर डिजिटल छपाई परवडते. मागे फोन नंबर टाकणार असाल तर तो उचलणारा माणूस आधी ठरवा.

मालवणकर
सभेला मी सरसकट नाही म्हणणार नाही. विखुरलेली ख्रिस्ती कुटुंबं वर्षातून एकदा एकत्र येतात, याला मोल आहे. पण तो खर्च संगतीच्या खात्यात लिहा, सुवार्तेच्या नको. मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्या वक्त्याचा प्रवास सगळे धरतात. परतीची गाडी विसरतात. वाडीकडची शेवटची एसटी साडेसातला असेल तर आठच्या प्रवचनाला कोण थांबणार? एक तर टेम्पोचं भाडं धरा, नाहीतर सभा चारला सुरू करा. ध्वनिक्षेपकाला पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० नंतर तो बंद.

कमी खर्चाचा आणखी एक मार्ग कीर्तनाचा. मराठी ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळक याच रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म १८६१. बाप्तिस्मा झाल्यावर त्यांनी अभंग-कीर्तन सुवार्तेसाठी वापरलं. पेटी, तबला, टाळ आणि एक पडवी पुरते. कष्ट असतात ते कीर्तनकार तयार करण्यात, म्हणून पैसे तिकडे घाला.

हिशेबतपासनीस
दोन गोष्टी कमिटीच्या ठरावातच घाला. आखातातल्या सभासदाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत अर्पण पाठवलं, तर ती विदेशी देणगी नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याने पाठवलं तर ती विदेशी देणगी. एफसीआरए (विदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फतही चालत नाही, २०२० च्या दुरुस्तीने ते हस्तांतर बंद झालंय.

दुसरं, औषधपाणी आणि शाळेच्या फीची मदत वेगळ्या खात्यात ठेवा आणि घरसभेत वाटू नका. मदत घेणाऱ्यावर प्रार्थनेला बसायचं दडपण येता कामा नये, आणि आमिषाचा आरोप झाला तर कागद दाखवता आला पाहिजे.

खजिनदार_रत्नागिरी
१२ घरांचा प्रस्ताव मांडतो. भेटींच्या वहीत काय काय लिहायचं?

खाडीपलीकडचा
नाव, वाडी, कोणाच्या ओळखीने आले, घरी असण्याची वेळ, काय वाचलं, पुढची तारीख, जाणारे दोघं. शिवाय एक रकाना ‘येऊ नका म्हणाले’ असा ठेवा आणि तो पाळा. भातकापणी आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यात सुरू करा.