वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातला हीट डिटेक्टर इडलीच्या वाफेने का वाजतो?

प्रश्न

नमस्कार. सव्वाशे विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाची व्यवस्था मी पाहतो. आमच्या स्वयंपाकघरात पूर्वी स्मोक डिटेक्टर होता आणि मिरचीची फोडणी पडली की तो हमखास वाजत असे, म्हणून दोन महिन्यांपूर्वी एजन्सीने तो काढून त्या जागी हीट डिटेक्टर बसवला. फोडणीचा त्रास थांबला. मात्र आता सकाळी इडलीच्या मोठ्या भांड्याचे झाकण उघडले की अर्ध्या मिनिटात सगळ्या मजल्यांवरचे भोंगे सुरू होतात. डिटेक्टर ५७ अंश सेल्सिअसला वाजतो, असे एजन्सीने सांगितले होते. मी काठीला थर्मामीटर बांधून छताजवळचे तापमान मोजले, तर झाकण उघडल्यावरही ते ४६ अंशांच्या वर गेले नाही. मग तो वाजतो कशाने?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. खोल्यांतले आणि कॉरिडॉरमधले स्मोक डिटेक्टर उदबत्तीच्या धुराने वाजतात, म्हणून तेही काढून सगळीकडे हीट डिटेक्टर बसवावेत, असा प्रस्ताव आमच्या समितीपुढे आला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

अग्निसूचना यंत्रणा बसवण्याचे आणि त्यांच्या देखभालीचे काम मी सोळा वर्षे करत आहे. आपले मोजमाप बरोबर असावे आणि डिटेक्टरही बहुधा नादुरुस्त नसावा. हीट डिटेक्टर दोन तऱ्हांनी काम करतो. पहिल्या तऱ्हेत ठरावीक तापमान गाठले की तो वाजतो. जुन्या बनावटीत यासाठी कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठिपका असे, किंवा दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असे. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि विद्युतमंडल पूर्ण होते. दुसऱ्या तऱ्हेत तापमान किती आहे यापेक्षा ते किती वेगाने चढते आहे, हे पाहिले जाते. मिनिटाला सुमारे ८ अंश किंवा त्याहून जास्त वेगाने चढले, तर मूळ तापमान ३० असो वा ४०, तो इशारा देतो. आपल्याकडे नेमके हेच घडत असावे, कारण झाकण उघडताच छताजवळची हवा एका झटक्यात दहा-पंधरा अंशांनी तापते आणि ५७ अंशांची वाट न पाहता डिटेक्टर वाजतो.

हा वेग ओळखण्याची जुनी रीत मला आजही फार सुंदर वाटते. डिटेक्टरमध्ये हवेची एक छोटी बंद कुपी असते, तिला लवचिक पडदा असतो आणि मोजून ठेवलेले एक बारीक छिद्र असते. दुपारच्या उन्हाने खोली हळूहळू तापली, तर प्रसरण पावलेली हवा त्या छिद्रातून निघून जाते आणि पडदा हलत नाही. आग भडकली, तर हवा इतक्या वेगाने फुगते की छिद्र तिला पुरे पडत नाही. पडदा पुढे सरकतो आणि संपर्क जुळतो. आताच्या डिटेक्टरमध्ये हेच काम थर्मिस्टर करतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि तो बदल किती झपाट्याने झाला, हे आतले सर्किट मोजते.

केवळ वेगावर विसंबणारा डिटेक्टर हळूहळू वाढणाऱ्या आगीला दाद देणार नाही, म्हणून बहुतेक डिटेक्टरमध्ये दोन्ही तऱ्हा एकत्र असतात. आपल्या डिटेक्टरच्या अंगावर कोणती अक्षरे छापली आहेत, ती कृपया पाहून सांगावीत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

शिडीवर चढून पाहिले. त्यावर ‘ए१आर’ असे छापले आहे.

उत्तर १ (पुढे)

मग उलगडा झाला. ही युरोपीय मानक ईएन ५४ च्या पाचव्या भागातील खूण आहे. ए१ वर्गाचा डिटेक्टर ५४ ते ६५ अंशांच्या दरम्यान वाजतो आणि ज्या जागेचे तापमान एरवी ५० अंशांच्या वर जात नाही, अशा जागेसाठी तो असतो. पुढचे ‘आर’ हे अक्षर वेग ओळखण्याचा गुण दाखवते. स्वयंपाकघर, इस्त्रीची खोली किंवा बॉयलरची खोली अशा ठिकाणी ‘एस’ अक्षराचा डिटेक्टर घ्यावा, कारण तापमान कितीही वेगाने चढले तरी ठरलेल्या किमान मर्यादेच्या आत तो वाजत नाही. आपल्या छताजवळ ४६ अंश भरतात आणि मे महिन्यात ते आणखी चढतील, हे लक्षात घेता मी ए वर्गाऐवजी बी वर्ग निवडीन. त्याची मर्यादा ६९ ते ८५ अंश आहे. शक्य असल्यास जागाही भांड्याच्या थेट वरून थोडी बाजूला घ्यावी. मात्र डिटेक्टर छतालगतच राहू द्यावा, कारण तापलेली हवा वर जाऊन छताखाली पसरते आणि फार खाली टांगलेल्या डिटेक्टरपर्यंत ती उशिरा पोहोचते.

उत्तर २

मी अग्निशमन सेवेतून निवृत्त झालो आहे आणि समितीपुढच्या प्रस्तावाबद्दल स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. खोल्यांतले आणि कॉरिडॉरमधले स्मोक डिटेक्टर काढू नयेत.

एका लॉजमध्ये विडीच्या ठिणगीने कापसाची गादी धुमसत होती. आम्ही पोहोचलो तेव्हा दाराला हाताची उलटी बाजू लावून पाहिली, तर ते जेमतेम कोमट होते. दार उघडल्यावर छतापासून कमरेपर्यंत धूर भरलेला दिसला आणि आतला माणूस बेशुद्ध पडलेला होता. त्या खोलीत ५७ अंशांचा डिटेक्टर असता, तर त्याने त्या वेळेपर्यंत काहीच कळवले नसते. धुमसणारा कापूस किंवा फोम फारशी उष्णता न देता धूर आणि कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, आणि झोपलेल्या माणसाला त्या विषारी वायूचा वासही येत नाही. त्यात हीट डिटेक्टरचे स्वतःचे अंगही तापायला वेळ लागतो, त्यामुळे आग झपाट्याने वाढत असेल तर तो ५७ अंशांना वाजेपर्यंत भोवतालची हवा त्याहून बरीच तापलेली असते. स्वयंपाकघर किंवा धुळीचे गोदाम अशा जागी हा उशीर पत्करता येतो. जिथे मुले झोपतात, तिथे तो पत्करता येत नाही.

उदबत्तीचा प्रश्न नियमाने सोडवावा. डिटेक्टरच्या कक्षात साचलेली धूळ वेळोवेळी साफ केली, तर विनाकारण वाजण्याचे प्रमाणही बरेच कमी होते.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. छताला रंग देताना रंगारी डिटेक्टरवरूनही ब्रश फिरवतात. रंगाचा तो थर उष्णता आत पोहोचू देत नाही, म्हणून रंगलेला डिटेक्टर पुसत बसण्यापेक्षा बदलावा. महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून ‘प्रपत्र ब’, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, घ्यावे लागते. त्या वेळी एजन्सीचा माणूस केवळ पॅनलवरचे बटण दाबून निघून जाणार नाही, तर प्रत्येक हीट डिटेक्टरला गरम हवा देऊन पॅनलवर त्याच खोलीचे नाव येते का ते दाखवेल, असा आग्रह धरावा. तपासणीसाठी काडी किंवा लायटरची ज्योत वापरू देऊ नये. मिश्रधातूच्या ठिपक्याचा जुना डिटेक्टर असेल, तर त्याला उष्णता देऊच नये, कारण तो एकदा वितळला की निकामी होतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. ही उत्तरे छापून समितीपुढे ठेवतो आणि स्वयंपाकघरासाठी बी वर्गाचा ‘एस’ डिटेक्टर मागवतो. सिलिंडरमधून गॅस गळला, तर तो याच डिटेक्टरला कळेल का?

उत्तर २ (पुढे)

नाही. गळणाऱ्या गॅसने हवा तापत नाही, त्यामुळे हीट डिटेक्टर गप्पच राहील. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. त्यासाठी गॅस डिटेक्टर वेगळा घ्यावा आणि तो छताला न लावता जमिनीपासून थोड्याच उंचीवर, सिलिंडरच्या बाजूला बसवावा.