पालक लगेच फुलावर का जातो: पाकिटावरचं लॅटिन नाव पाहा

परदेशी पाकिटातला पालक मार्चमध्ये पेरला आणि पानं धरायच्या आत तुरा आला, असा एक प्रश्न आलाय. पाकिटावर 'स्पिनॅशिया ओलेरेशिया' लिहिलं असेल तर तो विलायती पालक. दिवस मोठा झाला, ऊन तापलं की तो फुलणारच. उगाच खताला दोष देऊ नका. पुण्यात तो ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये पेरावा. माती ३० अंशांवर तापलेली असेल तर बी धड उगवतही नाही.

मंडईत जुडीने मिळतो तो आपला पालक बहुधा 'बीटा व्हल्गॅरिस', बीटाचा सख्खा भाऊ. 'ऑल ग्रीन', 'पुसा ज्योती' हे वाण यातलेच. ऊन बरंच सोसतो, पुन्हा पुन्हा कापता येतो. याचं खडबडीत 'बी' म्हणजे खरं तर दोन-तीन बियांचा गुच्छ. रात्रभर भिजवून दीड-दोन सेंटिमीटर खोल टाका आणि एका जागची रोपं विरळून एकच ठेवा. इथेच बहुतेकांचा हात आखडतो आणि मग पानं बोटभरच राहतात.

या आपल्या पालकाचं बी धरणार असाल तर लक्षात ठेवा, याचं परागण वाऱ्याने होतं. बीट किंवा स्विस चार्ड (बीटाच्याच जातीची पालेभाजी) त्याच वेळी फुलावर असेल तर संकर होतो. मात्र बीटाला फुलायला सलग काही आठवडे कडक थंडी लागते, त्यामुळे पुण्यात ही भीती कमीच.

तुळस आणि पास्त्यात घालतात ती बेसिल एकच का, या प्रश्नाबद्दल: 'ऑसिमम टेन्युइफ्लोरम' (जुनं नाव 'सँक्टम') ही तुळस, 'ऑसिमम बॅसिलिकम' हा सब्जा, म्हणजेच बेसिल. पास्त्यासाठी दुसरा घ्या.